आटे, पाने आणि उस्ताद : काचीगुड्यातील घरगुती मोटारदुरुस्तीचा एक अलिखित इतिहास

हैदराबादेतील मराठी समाजाचा इतिहास आजवर बहुधा संस्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विवेकवर्धिनी, ग्रंथसंग्रहालये, गणेशोत्सवातील व्याख्याने, मुक्तिसंग्रामातील आपल्या माणसांचा वाटा, हे सारे विषय मोलाचे आहेत आणि त्यांवर अधिकारी मंडळींनी लिहिलेही आहे. परंतु संस्थेच्या दप्तरात ज्याची नोंद होत नाही असाही एक इतिहास घरोघरी घडत असतो. पुस्तकी विद्येवर पोसलेल्या, कारकुनी आणि वकिली करणाऱ्या आपल्या घरांनी हातात पाना कधी धरला, तो धरताना काय काय बिघडवले आणि त्या बिघाडातून काय कमावले, याची हकिगत अशाच इतिहासात मोडते. काचीगुड्यात वाढलेल्या आम्हांला ती हकिगत थोडीफार ठाऊक आहे. ती सांगणारी पिढी आता विरळ होत चालली असल्याने येथे नोंदवून ठेवीत आहोत.

काचीगुडा हे नाव काछी समाजावरून पडले. बुंदेलखंडाकडून आलेले हे भाजीपाला पिकविणारे लोक येथे वस्तीला होते असे सांगतात. १९१६ साली येथे निजामाच्या रेल्वेचे ते देखणे स्थानक उभे राहिले आणि वस्तीचे रूप पालटले. मनमाडकडून मीटरगेजच्या गाडीने नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद येथील माणूस येऊन उतरे तो येथेच. शिक्षणासाठी, कोर्टाच्या कामासाठी, नोकरीच्या शोधात आलेली कितीतरी मराठी कुटुंबे स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर स्थिरावली. बडी चावडी, सुलतान बाजार, बरकतपुरा, नारायणगुडा हा सारा टापू त्यांचा झाला. यंत्राशी आपल्या लोकांचा पहिला निकटचा संबंध आला तोही या रेल्वेमुळेच. १८९३ पासून चालत आलेल्या लालागुड्याच्या कारखान्यात इंजिने उघडली जात आणि त्या कामाच्या गोष्टी तेथील नोकरदारांबरोबर घरी येत.

मोटार मात्र प्रथम आली ती दुरून पाहण्याची वस्तू म्हणून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ मध्ये मागविलेली पिवळी रोल्स रॉइस आज चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. तिच्यासारखी गाडी सामान्य माणसाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. सामान्यांच्या वाट्याला मोटार आली ती बसच्या रूपाने. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ता-वाहतुकीचे खाते उघडले. त्या वेळी त्याच्याजवळ २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. स्कॉटलंडहून आलेल्या अल्बियन बनावटीच्या त्या गाड्यांची निगा राखण्यासाठी जी माणसे तयार झाली त्यांतून शहराला मोटारीचे पहिले वाकबगार कारागीर मिळाले. १९४२ साली ऑल्विन मेटल वर्क्स आणि १९४३ साली प्रागा टूल्स हे कारखाने निघाल्यावर लोखंडाशी खेळणारे हात आणखी वाढले. बसगाड्यांच्या क्रमांकातील ‘झेड’ हे अक्षर सातव्या निजामांच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या स्मरणार्थ असल्याची आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. गौलीगुड्याचा तो प्रचंड अर्धगोल बसतळ २०१८ मध्ये कोसळला तेव्हा ज्येष्ठांच्या डोळ्यांसमोर हा सारा काळ उभा राहिला असेल.

येथे भाषेचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ भाषांतरित करणारे दारुल तर्जुमा हे खाते त्याच्या आधीच सुरू झाले होते. साहजिकच आपल्या आजोबांच्या पिढीतील विद्यार्थी उष्णतेला ‘हरारत’ आणि विजेला ‘बर्क’ म्हणत शास्त्र शिकले. पोलीस कारवाईनंतर माध्यम बदलले आणि इंग्रजी आली. घरात मराठी, बाजारात तेलुगू, पुस्तकात इंग्रजी आणि कारागिराशी दखनी, अशा चार भाषांच्या चौरस्त्यावर आपला मोटारमालक उभा होता. मराठीत ज्याला ‘आटे’ म्हणतात त्याला उस्ताद ‘चूडी’ म्हणत आणि पुस्तकात ‘थ्रेड’ असे छापलेले असे. तिन्ही शब्द ठाऊक असूनही ते आटे आपल्या हातून बिघडावयाचे, ही गोष्ट वेगळी!

मोटार खऱ्या अर्थाने काचीगुड्याच्या अंगणात आली ती स्वातंत्र्यानंतर. त्याला दोन कारणे झाली. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या. देवड्यांचा जुना डामडौल पेलेनासा झाला आणि काही जुन्या मोटारी विक्रीस निघाल्या. दुसरे कारण देशव्यापी होते. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जे कारखानदार सुटे भाग येथेच बनविण्यास तयार नव्हते त्यांना भारतातील जुळणी आवरती घ्यावी लागली. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्या १९५४ मध्ये येथून गेल्या. रस्त्यावर त्यांच्या गाड्या राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा स्थितीत मध्यमवर्गीयाला परवडे ती तिसऱ्या-चौथ्या हाताची मोटार, आणि ती चालती ठेवावयाची तर दर पंधरवड्यास तिचे पोट उघडणे भाग होते. दर वेळी उस्तादांना बोलावण्याइतका पगार नव्हता. घरगुती मोटारदुरुस्तीचा उगम हौसेपेक्षा या अडचणीत अधिक आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढचा भाग नीट समजतो.

या काळातील आपली लाडकी गाडी म्हणजे फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट बाहेर पडू लागली. तिच्या जुन्या, गोलसर रूपाला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढे १९७० च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे ते इंजिन बॉनेट उघडताच सारेच्या सारे दृष्टीस पडे. प्लग, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, डायनॅमो, सगळे हाताच्या टप्प्यात. नवशिक्याला वाटे की हे काम आपल्यालाही जमेल. बऱ्याच अंशी ते जमतही असे. अडचण एवढीच की कोठवर जमेल, हे चूक झाल्याखेरीज कळत नसे.

पहिली आणि सार्वत्रिक चूक आट्यांची. फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा. मऊ धातूत कठीण धातू फिरवावयाचा तो हलक्या हाताने, आणि इंजिन थंड असताना. नवशिका प्लग थोडा तिरपा बसवी, पाना लावी आणि ‘घट्ट बसत नाही’ म्हणून आणखी जोर करी. एक सूक्ष्म कुरकुर होई आणि आटे जात. मग हेड उतरवून खरादीकडे न्यावे लागे. तेथे भोक मोठे करून नवे आटे असलेले नळकांडे बसवीत. आठ आण्यांच्या कामाला महिन्याच्या पगाराचा लचका पडे. उस्तादांचा नियम एका ओळीचा होता, ‘पहले उंगली से, बाद में पाने से.’ प्रारंभीचे तीन-चार फेरे बोटांनीच बसले पाहिजेत. बोटांना जे जमत नाही ते पान्याने जमवू पाहणे म्हणजे बिघाडाला निमंत्रण. हा नियम आमच्या आळीतील निदान चार घरांनी पैसे मोजून विकत घेतला होता.

दुसरी चूक क्रमाची. डिस्ट्रिब्युटरपासून चार प्लगांकडे चार वायरी जातात. त्या पुसावयाच्या म्हणून एकदम काढल्या तर कोणती कोठली हे कळत नाही. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, १-२-३-४ नव्हे, हे पुस्तकात वाचलेले असले तरी मळक्या हातांनी उभे राहिल्यावर आठवत नाही. वायरींची अदलाबदल झाली की गाडी खोकते, कार्बोरेटरमधून भडका मारते किंवा ढिम्म हलत नाही. यावर घरोघरी निघालेला उपाय बायकांच्या शिवणाच्या डब्यातून आला : एका वायरीला लाल दोरा, दुसरीला हिरवा, तिसरीला पिवळा, चौथीला पांढरा. कार्बोरेटर उघडताना एकेक भाग ताटात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मांडत जाण्याची रीतही अशीच रूढ झाली. जोडणी संपल्यावर ताटात स्क्रू उरला तर तो खिशात न टाकता सारे पुन्हा उघडावयाचे, हा त्या रीतीतला कठीण भाग. तो पाळणारे थोडे होते.

तिसरी चूक पुस्तक आणि गाडी यांच्या बेबनावाची. अबिड्सच्या पदपथावर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात ब्रिटिश गाड्यांची दुरुस्तीची पुस्तके स्वस्तात मिळत. मॉरिस मायनरचे पुस्तक आणून फियाट दुरुस्त करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे आणि फियाटमध्ये ऋण टोक. एकीचा नियम दुसरीला लावला की डायनॅमोची दिशा बिघडे, अँमीटरचा काटा उलट्या बाजूला पडे आणि एखाद्या वेळी वायरिंगमधून धूर निघे. ग्रंथप्रामाण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला हा मोठाच धडा होता. पुस्तक खरे असते, पण ते कोणत्या गाडीसाठी लिहिले आहे हे आधी पाहावे लागते.

याशिवाय किरकोळ चुकांची यादी लांबच लांब आहे. इंजिन ऑइल बदलावयाचे म्हणून गिअर बॉक्सचा ड्रेन प्लग उघडला जाई आणि वरून इंजिनात नवे तेल ओतले जाई. परिणामी गिअर बॉक्स कोरडी आणि इंजिन काठोकाठ. पॉइंटमधील फट मोजावयास फिलर गेज नसे, म्हणून पोस्टकार्ड घातले जाई. पोस्टकार्ड घड्या पडून मऊ झालेले असले की फट चुकलीच. मे महिन्यात तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून हात भाजून घेणारे होते. तापल्या इंजिनात माठाचे गार पाणी घालून धातूला तडा पाडणारेही होते. आणि सर्वांत जीवघेणी चूक म्हणजे विटांवर गाडी चढवून तिच्याखाली शिरणे. लाकूड मोडण्याआधी कुरकुरते, वीट कुरकुरत नाही, ती एकाएकी फुटते. आमच्या शेजारच्या अंगणात एक गृहस्थ चहासाठी गाडीखालून बाहेर आले आणि त्यांचा पेला भरण्यापूर्वीच गाडी खाली बसली. त्या घरात पुढे कित्येक वर्षे त्या चहाचा विषय निघाला की सगळे गप्प होत.

या यादीचे स्वरूप काहीसे गमतीचे आहे, आणि आपल्याकडे बैठकीत तिची आठवण हसतहसतच निघते. परंतु ज्या चुकीने आमच्या घराचा या सगळ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. ती येथे सविस्तर सांगतो.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे स्थापन होऊन तिचे मुख्यालय सिकंदराबादला आले, त्यानंतरची त्यांची सारी नोकरी तेथेच झाली. त्यांनी घेतलेली फियाट पंधरा वर्षांची होती. हिशेबनीस असल्याने गाडीची एक वही ते ठेवीत : डावीकडच्या पानावर काय केले, उजवीकडच्या पानावर काय झाले. १९७९ च्या उन्हाळ्यात त्या वहीत डावीकडे एक ओळ पडली, ‘ब्रेक ऑइलची बाटली अर्धी झाली होती, भरली.’ कोणते तेल भरले हे लिहिलेले नाही. घरात इंजिन ऑइलचा डबा होता. तेल ते तेल, असा त्यांनी विचार केला.

पुढचे आठ-दहा दिवस गाडी जड चालत असल्यासारखी वाटे. उतारावर सोडली तरी ती पूर्वीसारखी घरंगळत नसे. चाकाजवळ काहीतरी करपल्यासारखा वास येई. अण्णांनी उजव्या पानावर लिहिले, ‘ब्रेक आता चांगले धरतात.’ आज ते वाक्य वाचताना अंगावर काटा येतो, कारण गाडी त्यांना जे सांगत होती ते त्यांनी नेमके उलटे वाचले होते.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही सहा जण नौबत पहाडावरील बिर्ला मंदिरात गेलो. तीन वर्षांपूर्वीच ते खुले झाले होते आणि आजीला पुन्हा एकदा दर्शन हवे होते. परतताना उतारावर अण्णांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल तळाला जाऊन टेकले. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. पुढे एक रिक्षा, पलीकडे पायी चालणारी माणसे. अण्णांनी गिअर खाली ओढला, हातब्रेक लावला आणि गाडी डाव्या बाजूच्या दगडी कठड्याला घासत नेली. पत्रा फाटत गेल्याचा आवाज आम्हां भावंडांच्या कानांत अजून आहे. गाडी थांबली. कोणाला काही झाले नाही. आजीच्या हातातला प्रसादाचा द्रोण मात्र चेपला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा सरळ करीत होती.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. निंबोळी अड्ड्याच्या बाजूस त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. त्यांनी मास्टर सिलिंडर उघडून आतील रबरी वाट्या अण्णांच्या तळहातावर ठेवल्या. त्या रात्रभर भिजविलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या होत्या आणि एकीची कड फाटली होती. उस्ताद एवढेच म्हणाले, ‘साब, अपन को नै मालूम पडा, रबर को मालूम पड गया.’

घडले होते ते असे. त्या काळच्या ब्रेकमधील रबर हे ब्रेकच्या विशिष्ट द्रवालाच मानवणारे असे. खनिज तेल त्यात शिरले की रबर ते पिते आणि फुगते. फुगलेल्या वाटीमुळे द्रव परत येण्याचे बारीक छिद्र झाकले जाते, चाकांवरील ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, घासत राहतात आणि तापतात. जडपणा आणि वास यांचा अर्थ हा होता. अखेरीस फुगून मऊ झालेली कड फाटते आणि दाब राहत नाही. या गाड्यांत चारी चाकांना मिळून द्रवाचा एकच मार्ग होता, त्यामुळे एक वाटी गेली की चारी ब्रेक एकदम गेले. हातब्रेक यांत्रिक जोडणीने चालतो, त्याला द्रवाशी कर्तव्य नसते, म्हणून आम्ही वाचलो. दुरुस्तीही सोपी नव्हती. नुसते तेल बदलून भागत नाही. सगळ्या नळ्या स्पिरिटने धुवाव्या लागल्या आणि चारी चाकांतील प्रत्येक रबरी भाग टाकून नवा घालावा लागला.

उस्ताद गेल्यावर आईने अण्णांना सांगितले, ‘मोटार विका असं मी म्हणत नाही. बाकी काय हवं ते उघडा. पण ब्रेकला आणि स्टिअरिंगला यापुढे तुमचा हात लागायचा नाही.’ अण्णा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी वहीच्या उजव्या पानावरची ती ‘चांगले धरतात’ ही ओळ खोडली नाही, तिच्याखाली लिहिले, ‘ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल. चूक माझी. वास आला तेव्हाच थांबावयास हवे होते.’ हिशेबात खाडाखोड करावयाची नाही, खाली दुरुस्तीची नोंद घालावयाची, ही त्यांच्या खात्याची शिस्त होती. ती त्यांनी स्वतःच्या चुकीलाही लावली.

या घटनेतून आमच्या घराने जो धडा घेतला तो ‘घरी काही करू नये’ असा नव्हता, आणि म्हणूनच तो नोंदविण्यासारखा वाटतो. पुढच्या महिन्यापासून अण्णा रविवारी सकाळी उस्तादांच्या कार्यशाळेत जाऊन बसू लागले. पहिले काही आठवडे त्यांनी काहीच केले नाही, फक्त पाहिले. मग पाने पुसून क्रमाने लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. वयाने धाकट्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसापुढे रेल्वेचा अधिकारी तेलकट स्टुलावर बसतो, हे काही नातेवाइकांना रुचले नव्हते. आपल्या समाजात हाताच्या विद्येला लेखणीच्या विद्येच्या खाली बसविण्याची जी जुनी खोड आहे, ती अशा प्रसंगी दिसून येई. अण्णांचे उत्तर ठरलेले असे : ‘चुकलो मी, शिकवतात ते. मग वर कोणी बसायचं?’

येथे थोडे मागे, मोटारीच्या अगदी आरंभाकडे पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी पतीला न सांगता त्याने बनविलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास केला. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास समजला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या टाचणीने साफ केली. उघड्या पडलेल्या वायरीला मोज्याच्या पट्ट्याने झाकले. इंधन संपले तेव्हा औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. आणि लाकडी ब्रेक झिजून निकामी होऊ लागले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची कल्पना अशी रस्त्यावर जन्मली. ध्यानात घ्यावयाचे ते हे की टाचणीने होण्यासारखे काम बाईंनी स्वतः केले आणि ब्रेकचे काम मात्र त्यातल्या जाणत्या हाताकडे सोपविले. आमच्या आईने काचीगुड्यात घालून दिलेली मर्यादा याहून वेगळी नव्हती, जरी तिने बर्थाबाईंचे नावही ऐकलेले नव्हते.

काळ पुढे सरकला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पंधरवड्याला बॉनेट उघडण्याची गरज संपत गेली. २००० सालच्या आसपास पद्मिनीचे उत्पादन थांबले, तर २०१४ मध्ये अँबॅसडरचे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर एक काळे प्लॅस्टिकचे आवरण दिसते. ठिणगीची वेळ आणि इंधनाचे माप संगणक ठरवितो. कार्बोरेटर, पॉइंट, चोक हे शब्द नातवंडांना समजावून सांगावे लागतात. निंबोळी अड्ड्याची ती कार्यशाळा राहिली नाही आणि आमच्या अंगणाच्या जागी सदनिका उभ्या आहेत. खाली वाहनतळात गाड्या दाटीने उभ्या असतात, पण त्यांच्याखाली कोणाचे पाय दिसत नाहीत.

तरीही ही हकिगत केवळ गतकाळाची आहे असे आम्हांला वाटत नाही. चाक बदलणे, टायरमधील हवा मोजणे, एअर फिल्टर झटकणे, बॅटरीची टोके साफ करणे, वायपर बदलणे एवढे आजही घरी करता येते. बॅटरी काढताना आधी सांगाड्याला जोडलेले टोक सोडवावे आणि लावताना ते शेवटी लावावे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तिच्याखाली शिरण्यासाठी नव्हे. शिरावयाचेच असेल तर खाली लोखंडी घोडे लावावेत. कोणत्याही बाटलीत काही ओतण्यापूर्वी तिच्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचावे. आणि नवा वास, नवा आवाज किंवा नवा जडपणा जाणवला तर त्याला ‘सुधारणा’ समजण्याआधी थांबावे. शेवटचा नियम आमच्या घराला सर्वांत महाग पडता पडता राहिला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा वेगळा झाला आणि आपण येथेच राहिलो. राहिलेल्या माणसाला नवा मुलूख आपला करून घ्यावा लागतो. त्याचा काही भाग सभा-संमेलनांतून आणि शाळांतून घडला याविषयी शंका नाही. पण काही भाग उस्तादांच्या स्टुलावर बसून, ‘चूडी’ आणि ‘आटे’ यांची देवाणघेवाण करीत, आपली चूक त्यांच्यापुढे कबूल करीतही घडला आहे. ज्याच्या हातात आपल्या मुलाबाळांचा जीव विश्वासाने सोपविला त्याच्याशी परकेपणा उरत नाही. आमच्या घरातील लग्नकार्यांत उस्तादांचे कुटुंब पंगतीला असे आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा आमच्याकडे येई. याची सुरुवात दोन रबरी वाट्यांपासून झाली होती.

अण्णांची वही आमच्याजवळ आहे. तिच्यात अकरा वर्षांच्या नोंदी आहेत आणि डाव्या पानापेक्षा उजवे पान अधिक भरलेले आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी वही, पानांची पेटी किंवा निदान एखादी ऐकीव हकिगत असेल. ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर ती विचारून, तारखेसह लिहून ठेवावी अशी विनंती आहे. लिहिताना काय जमले एवढेच लिहू नये. काय बिघडले, कोणाच्या हातून बिघडले आणि ते कोणी नीट केले, हेही लिहावे.